हेल्पर फंक्शन असावं धर्मकाट्यासारखं

चोपड्याकडचे एक केळीवाले आप्पा माझ्यासमोर बसले होते. टेबलावर एका बाजूला छापील पावती, दुसऱ्या बाजूला मोबाइल. पावतीवर १८,५६३ रुपये आणि एसएमएसमध्ये १८,५६२. आप्पांनी दोन्हीवर एकेक बोट ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, हाऊ एक रुपया कोठे गया?"

आवाजात राग नव्हता. पण ज्या माणसाने पहाटे बाग कापून गाडी भरली, त्याला हिशोबाचं यंत्र दोन ठिकाणी दोन आकडे सांगत असेल, तर उद्या तो वजनावर तरी विश्वास का ठेवेल? केळी खरेदीचं ते वेब अ‍ॅप मी जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब अ‍ॅप बनवायच्या तयार सांगाड्यात, लिहिलेलं होतं. त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं.

माल १३.७५ क्विंटल, भाव क्विंटलला १,३५० रुपये. गुणाकार केला की येतात १८,५६२ रुपये ५० पैसे. वाद होता तो या ५० पैशांचा. छापील पावती टेम्पलेटमधून, म्हणजे पानाच्या ठरलेल्या साच्यातून, निघत होती आणि तिथे जँगोचा 'फ्लोटफॉरमॅट' हा फिल्टर (किंमत दाखवण्याआधी तिला आकार देणारी सोय) वापरला होता. तो आपल्याला शाळेत शिकवलं तसंच करतो, अर्धा किंवा जास्त असेल तर वर ढकलतो. म्हणून १८,५६३. एसएमएसचा मजकूर मात्र पायथनच्या फाइलमध्ये तयार होत होता आणि तिथे पायथनचं स्वतःचं 'राउंड' वापरलं होतं. पायथन ३ मधलं 'राउंड' बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. हजारो आकड्यांची बेरीज करताना सगळे अर्धे वरच ढकलले तर बेरीज फुगत जाते, ती फुगू नये म्हणून ही पद्धत आहे. १८,५६२ सम आहे, म्हणून उत्तर तिथेच थांबलं. संख्या 'डेसिमल' या नेमक्या दशांशाच्या प्रकारात ठेवली असती तरी 'राउंड'ने हेच केलं असतं.

म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या नियमाने बरोबर होते. चूक माझी होती. 'पैसे पूर्ण रुपयांत आणणं' हे एकच काम मी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिलं होतं. नंतर शोधलं तर महिन्याच्या गोषवाऱ्यात तिसरी तऱ्हा सापडली. तिथे पैसे सरळ कापूनच टाकले होते.

हेल्पर फंक्शन म्हणजे काय, ते याच उदाहरणावरून सांगतो. अ‍ॅपमध्ये एखादं छोटं काम पुन्हा पुन्हा लागतं. रक्कम गोल करायची, क्विंटलचे किलो करायचे, तारखेवरून आर्थिक वर्ष काढायचं, मोबाइल नंबर तपासायचा. ते काम एका नावाखाली एकदाच लिहून ठेवायचं आणि जिथे लागेल तिथून हाक मारायची. ती सोय म्हणजे हेल्पर फंक्शन. लिहिणं अवघड नाही. अवघड आहे ते कुठे ठेवायचं हे ठरवणं, आणि ते ठरवलं नाही की वर्षभरात काय होतं ते मी अनुभवलं आहे.

(या लेखात फाइलींची आणि फंक्शनची नावं मी मराठीत देतोय. पायथन ३ देवनागरीतली नावं खरोखर चालवून घेतं. तरी बहुतेक टीम रोमन लिपीतच लिहितात आणि तेच सोयीचं पडतं.)

त्या रुपयानंतर मी केलं ते सगळेच करतात. 'युटिल्स' नावाची एक फाइल उघडली आणि 'रुपयात_गोल' हे फंक्शन तिच्यात टाकलं. तीन ठिकाणचा कोड काढून तिघांनाही या एकाच फंक्शनकडे वळवलं. आप्पांचा रुपया जागेवर आला. तोवर ठीक होतं. पण 'युटिल्स' या नावाचा दोष असा की ते कशालाच नाही म्हणत नाही. घरातल्या माळ्यावर जसं सगळं चढतं आणि काही उतरत नाही, तसं त्या फाइलीचं झालं. एसएमएस पाठवायचा कोड तिथे गेला. पीडीएफ बनवायचा गेला. लॉगिन केलेला माणूस कोणत्या गावच्या केंद्राचा आहे ते शोधणारं फंक्शन गेलं. शेतकऱ्याची मागची उचल किती बाकी आहे, हे डेटाबेसमधून काढणारंही गेलं. रक्कम गोल करणं आणि उचल बाकी काढणं या दोन कामांचा एकमेकांशी काय संबंध? दोघं एका फाइलीत राहतात, इतकाच.

मग प्रश्न आला की विभागणी कशावरून करायची. माझं उत्तर मला धर्मकाट्यावर सापडलं.

काट्याला कोण आलं ते माहीत नसतं

आपल्याकडे कापूस, मका, केळी, काहीही घेऊन निघालं की रस्त्यात धर्मकाटा लागतो. भरलेली गाडी चढते, वजन होतं. माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढते, वजन होतं. वजाबाकी केली की मालाचं निव्वळ वजन. काट्याला शेतकरी कोण, व्यापारी कोण, भाव किती ठरला, कोणाची उचल बाकी आहे, यातलं काही कळत नाही. त्याच्यावर जे चढलं त्याचं वजन तो सांगतो. तीच गाडी तशीच पुन्हा चढवली तर तेच वजन सांगतो. म्हणून दोन्ही बाजूंचा त्याच्यावर विश्वास बसतो.

सगळ्यात चांगलं हेल्पर फंक्शन असंच असतं. त्याला जे लागतं ते सगळं हाक मारताना हातात द्यायचं. ते उत्तर परत देतं आणि विषय संपतो. आतल्या आत डेटाबेसला विचारायला जात नाही, कोण लॉगिन आहे ते बघत नाही, घड्याळाकडेही बघत नाही. अशा फंक्शनला प्रोग्रॅमर 'प्युअर फंक्शन' म्हणतात. माझ्या मनात ते धर्मकाटा फंक्शन आहे.

घड्याळाकडे बघत नाही, या मुद्द्यावर जरा थांबतो. इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्ला आहे.

पावतीचा क्रमांक आर्थिक वर्षावरून सुरू व्हायचा. १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यासाठी मी एक फंक्शन लिहिलं होतं, 'आर्थिक_वर्ष'. ते आत स्वतःच आजची तारीख काढायचं. दिसायला सोयीचं, कारण हाक मारताना काहीच द्यावं लागत नव्हतं. आता बघा. जँगोचा नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा 'यूटीसी', म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, असा लिहून येतो. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. कार्यालयीन वेळेत चालणाऱ्या अ‍ॅपला हे कधी जाणवतही नाही. पण केळीची कापणी उन्हं चढण्याआधी उरकायची असते, गाड्या अंधारात भरतात. १ एप्रिलला पहाटे पाचला केलेली पावती ३१ मार्चच्या तारखेची निघाली, आणि क्रमांक मागच्या आर्थिक वर्षाचा.

सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहून तारखेचा प्रश्न सुटला. तरी फंक्शन वाईटच होतं. ते तपासायचं कसं? ३१ मार्च आणि १ एप्रिलला काय उत्तर येतं हे बघायला मला १ एप्रिलचीच वाट पाहावी लागली असती. मग मी ते बदललं. आता 'आर्थिक_वर्ष' तारीख मागून घेतं. ३१ मार्च २०२५ दिली तर '२०२४-२५' सांगतं, १ एप्रिल २०२५ दिली तर '२०२५-२६'. दोन ओळींची चाचणी, कोणत्याही दिवशी चालवा. आजची तारीख काढायचं काम ज्या व्ह्यूमध्ये (ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) पावती तयार होते तिथे गेलं, आणि तिथे ती जँगोच्या 'लोकलडेट'ने काढली जाते.

याच वाटेवर आणखी एक खड्डा आहे, तो नवशिक्यांना हमखास लागतो. काही जण तारीख मागून तर घेतात, पण दिली नाही तर चालावं म्हणून फंक्शनचं नाव असलेल्या ओळीतच, कंसात, 'तारीख = आजची तारीख' असं लिहून ठेवतात. पायथन ती किंमत फंक्शनला हाक मारताना काढत नाही. फाइल पहिल्यांदा लोड होते तेव्हा एकदाच काढतो आणि तीच धरून बसतो. सर्व्हर सोमवारी सुरू केला असेल, तर शुक्रवारीही त्या फंक्शनच्या मते सोमवारच असतो. तुमच्या संगणकावर हा दोष दिसत नाही, कारण तिथे तुम्ही दिवसातून दहा वेळा सर्व्हर बंद-चालू करता.

फाइल कशावरून पाडायची

आता विभागणीचा नियम सांगतो. फंक्शन काय करतं यापेक्षा त्याला काय काय माहीत असावं लागतं, हे आधी बघायचं.

ज्यांना काहीच माहीत लागत नाही, ती धर्मकाटा फंक्शनं एका फोल्डरमध्ये. त्या फोल्डरला मी 'सामायिक' म्हणतो. आत कामाच्या नावाच्या छोट्या फाइली: 'पैसे', 'तारखा', 'वजन', 'मोबाइल'. 'युटिल्स' नावाची फाइल नाही. जँगोचा स्वतःचा कोड उघडून बघा. तिथे 'युटिल्स' आहे, पण ते फोल्डर आहे आणि आत मजकुराची, वेळेच्या पट्ट्यांची, एचटीएमएलची, तारीख वाचण्याची अशा वेगवेगळ्या फाइली आहेत. फाइलीला 'पैसे' असं नाव असलं की एसएमएसचा कोड तिच्यात टाकताना हात आपोआप थांबतो. नावानेच राखण होते.

एक सावधगिरी. पायथनसोबत जे मॉड्यूल (तयार कोडच्या फाइली) येतात त्यांचं नाव आपल्या फाइलीला देऊ नका. प्रकल्पाच्या मुळाशी 'कॅलेंडर' किंवा 'स्ट्रिंग' नावाची फाइल ठेवली, तर पायथन स्वतःच्या फाइलीऐवजी तुमचीच उचलू शकतो. मग भलत्याच लायब्ररीत भलतीच चूक दिसते आणि दिवस वाया जातो.

ज्यांना डेटाबेस लागतो, ती सामायिक नाहीत. 'उचल_बाकी' या फंक्शनला शेतकऱ्यांचं टेबल माहीत असावं लागतं, तर त्याने शेतकरी अ‍ॅपमध्येच राहावं (जँगोत प्रकल्पाच्या एकेका भागालाही अ‍ॅपच म्हणतात). पावत्यांचं पावत्यांच्या अ‍ॅपमध्ये. बाकीच्यांना हवं असेल तर त्यांनी तिथून मागावं.

ज्यांना वेबची रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरकडून आलेली मागणी, लागते ती तिसरी जात, आणि ती शक्य तितकी थोडी ठेवावी. माझं 'आजचा_भाव' हे फंक्शन आख्खी रिक्वेस्ट घ्यायचं, त्यातून लॉगिन केलेला माणूस काढायचं, त्यावरून केंद्र, आणि केंद्रावरून भाव. स्क्रीनवर छान चालायचं. मग रात्री सगळ्या शेतकऱ्यांना भाव कळवणारं काम लिहायला घेतलं. ते काम सर्व्हरवर आपोआप चालतं. तिथे ब्राउझर नाही, लॉगिन नाही, रिक्वेस्ट कुठून आणणार? त्या रात्री मी खोटी रिक्वेस्ट बनवून वेळ मारून नेली. आता फंक्शन फक्त केंद्र आणि तारीख घेतं, आणि रिक्वेस्टमधून केंद्र काढायचं काम व्ह्यू करतो. फ्लास्क हा पायथनचा दुसरा सांगाडा वापरणाऱ्यांना हाच अनुभव दुसऱ्या रूपात येतो. तिथे रिक्वेस्ट कुठल्याही फाइलीत इम्पोर्ट करता येते, म्हणजे बाहेरून मागवून घेता येते, म्हणून ती नकळत हेल्परमध्ये शिरते, आणि वेबच्या बाहेरून हाक मारली की 'वर्किंग आउटसाइड ऑफ रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट' अशी चूक येऊन पडते.

टेम्पलेटसाठी लागणारी फंक्शनं चौथी. जँगोत ती अ‍ॅपच्या आत 'टेम्पलेटटॅग्ज' याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागतात आणि ते अ‍ॅप सेटिंगच्या यादीत असावं लागतं. नवी फाइल टाकली की सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. इथे हिशोब लिहायचा नाही, हे पथ्य कडक पाळा. माझा 'रुपये' नावाचा फिल्टर एका ओळीचा आहे. तो 'पैसे' फाइलीतल्या फंक्शनला हाक मारतो आणि जे मिळेल ते दाखवतो. पावती, एसएमएस, गोषवारा, तिघांचा काटा एकच. लाखाच्या स्वल्पविरामासाठी तर तेवढंही लिहायची गरज नाही. १,८५,६२५ असं हवं असेल तर जँगोत अंकांचे गट ३, २, ० असे ठरवून देता येतात. पहिला गट तीन अंकांचा, पुढचे सगळे दोन-दोनचे.

गिरणेचं पाणी तापीत

एवढं केलं तरी एक दिवस सर्व्हर सुरूच होत नाही. पडद्यावर येतं की अमुक नाव 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल'मधून (अर्धवट लोड झालेल्या फाइलीतून) इम्पोर्ट करता येत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं इथे घाबरतात, म्हणून यात नेमकं काय होतं ते सांगतो.

पायथन एखादी फाइल पहिल्यांदा इम्पोर्ट करतो तेव्हा तिची नोंद आधी करून ठेवतो आणि मग ती वरून खाली एकेक ओळ चालवतो. समजा 'पावती' फाइलीच्या पहिल्या ओळीत 'शेतकरी' फाइलीतलं काहीतरी मागितलंय. पायथन 'पावती' अर्धवट सोडून 'शेतकरी'कडे जातो. तिथे पहिल्याच ओळीत 'पावती'तलं फंक्शन मागितलंय. पायथन नोंदवहीत बघतो, 'पावती' तर आहे. पण ती पहिल्या ओळीवरच थांबलेली आहे, ते फंक्शन लिहिलेल्या ओळीपर्यंत ती पोचलेलीच नाही. मग नाव सापडणार कुठून?

इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या पोटात ढकलली की चूक नाहीशी होते, आणि घाईत मीही तसं केलंय. पण खरा इलाज दिशा ठरवण्यात आहे. गिरणेचं पाणी तापीत जातं, पांझरेचं तापीत जातं. तापीचं पाणी उलटं गिरणेत चढत नाही. तसं व्ह्यूने अ‍ॅपमधल्या फंक्शनकडे मागावं, त्यांनी 'सामायिक'कडे मागावं, आणि 'सामायिक'ने अ‍ॅपमधलं काहीही मागू नये. 'सामायिक'मधल्या एखाद्या फाइलीत अ‍ॅपचं मॉडेल (डेटाबेसमधल्या टेबलाची मांडणी सांगणारा कोड) इम्पोर्ट केलेलं दिसलं, तर ते फंक्शन चुकीच्या घरात राहतंय असं समजून त्याला त्याच्या घरी पोचवा.

आता थोडी उलट बाजू, कारण मी हे शिकल्यावर सगळंच सामायिक करत सुटलो होतो.

याच अ‍ॅपमध्ये नंतर एका जिनिंगवाल्यांचं (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्यांचं) काम आलं. केळीच्या वजनातून वजावट होते, कापसाच्याही होते. दोन्हीकडे टक्का, दोन्हीकडे वजाबाकी. मी खुशीत एकच 'वजावट' फंक्शन केलं. मग कापसाला ओलावा आला, म्हणून फंक्शनला 'कापूस आहे का' असा होय-नाहीचा प्रश्न जोडला. केळीला दांड्याचा हिशोब आला, दुसरा प्रश्न जोडला. चौथ्या प्रश्नाला ते फंक्शन मलाच वाचता येईना, आणि कापसासाठी केलेला बदल केळीच्या पावतीत उमटला. मी ते पुन्हा दोन केले. केळीची वजावट बदलेल ती केळीच्या व्यवहारामुळे, कापसाची कापसाच्या. दोन गोष्टी आज सारख्या दिसतात एवढ्यावरून त्या एक होत नाहीत. उद्या त्या एकाच कारणाने बदलणार असतील, तरच एकत्र आणा. शंका असेल तर तिसऱ्यांदा गरज पडेपर्यंत थांबा. दोन प्रती सांभाळणं सोपं असतं, चुकीची जोडलेली एक सोडवणं फार कठीण.

रुपये गोल करण्याचा नियम मात्र तिन्ही ठिकाणी एकाच कारणाने बदलणार होता. तिथे एकच प्रत हवी.

नावाबद्दलही जिनिंगच्याच कामात डोळे उघडले. मी 'खंडी_ते_किलो' असं फंक्शन लिहिलं. रुईची खंडी ३५६ किलोची धरतात. पण जुन्या धान्याच्या मापात खंडी म्हणजे वीस मण. वाचणाऱ्याने कोणती समजावी? आता नाव 'रुई_खंडी_ते_किलो' आहे आणि ३५६ हा आकडा 'वजन' फाइलीच्या डोक्यावर नाव देऊन एकदाच लिहिलाय. नाव लांब झालं तर होऊ द्या. ज्या मुलाने जिनिंग कधी पाहिलं नाही, त्यालाही ते चुकवता येत नाही.

तुमच्याकडे आधीच मोठी 'युटिल्स' असेल तर ती एका रात्रीत फोडू नका. रोज एक फंक्शन घ्या. आख्ख्या प्रकल्पात त्याचं नाव शोधा आणि कोण कोण हाक मारतं ते बघा. कोणीच मारत नसेल तर काढून टाका. माझ्याकडे अशी बरीच निघाली. मारत असेल तर आधी त्याची छोटी चाचणी लिहा, मग योग्य फाइलीत हलवा, आणि जुन्या फाइलीत फक्त एक ओळ ठेवा, जी ते नव्या जागेहून इम्पोर्ट करते. त्यामुळे जुन्या हाका चालू राहतात. मग सवडीने त्या हाका एकेक करून नव्या पत्त्यावर वळवा आणि शेवटी ती ओळही पुसा.

'पैसे' फाइलीच्या चाचणीत माझी पहिली ओळ अजून तीच आहे: १३.७५ क्विंटल, भाव १,३५०, उत्तर १८,५६३.